डॉक्टर आपल्या भाषेचा, की भाषा आपल्या हक्काची?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली. जर्मन विद्यापीठांतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी ७५ जणांची निवड होते. कर्ज काढून, शेत गहाण टाकून जाणारे वेगळेच. म्हणजे आपल्या वस्त्यांतली, आपल्या वसतिगृहांतली मुलं-मुली आता लंडन, बर्लिन, मेलबर्न, बोस्टनला पोहोचत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे.

निघण्यापूर्वी चर्चा होते ती व्हिसाची, फीची, जामीनदाराची, भाषेच्या परीक्षेची. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तिकडे आजारी पडलो तर डॉक्टरला काय सांगायचं आणि कोणत्या भाषेत? आरोग्याचा विमा काढला की हा विषय संपला असं समजलं जातं. पण विमा बिल भरतो, तो तुमच्या वतीने बोलत नाही.

इंग्रजी येतं, मग अडचण काय?

पहिला आक्षेप हाच असतो. एमए, एमटेक झालेल्या मुलाला इंग्रजी येतंच की! येतं. पण ते प्रबंधाचं इंग्रजी असतं. रात्री दोन वाजता पोट धरून बसलेला माणूस प्रबंधाच्या भाषेत कण्हत नाही.

आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत ते बघा. ठणका लागतो, कळ येते, चमक भरते, उसण भरते, मुंग्या येतात, अंग मोडून येतं, जीव घाबरा होतो, डोकं जड होतं, घेरी येते. यातल्या प्रत्येक शब्दात डॉक्टरला हवी ती माहिती दडलेली असते. कळ येते म्हणजे दुखणं थांबून थांबून येतं. ठणका म्हणजे आतून सतत धडधडणारं दुखणं, बहुधा पू किंवा सूज. मुंग्या म्हटलं की लक्ष नसेकडे जातं. हे सगळं इंग्रजीत 'पेन' या एकाच शब्दात कोंबलं तर डॉक्टरच्या हाती काही लागत नाही.

काही शब्द तर भाषांतरात अर्थच बदलतात. 'पित्त झालंय' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही डॉक्टरला कळतं. त्याचं शब्दशः भाषांतर केलं तर समोरचा पित्ताशयाचा विकार समजेल. 'अंगावरून जातं' असं आपल्या बायका ज्या त्रासाला म्हणतात, त्याचं सरळ भाषांतर निरर्थक आहे. आणि ही अडचण फक्त आपली नाही. जर्मन माणूस पाठीत उसण भरली की 'हेक्सेनशुस' म्हणतो, म्हणजे शब्दशः चेटकिणीने मारलेला बाण. प्रत्येक समाज आपलं दुखणं आपल्या भाषेत बांधून ठेवतो.

चुकीच्या शब्दाची किंमत किती असू शकते याचं एक उदाहरण जगभर शिकवलं जातं. १९८० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं. क्युबन स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबाने 'इंतोक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं असा होतो. डॉक्टरांनी तो अमली पदार्थांची नशा असा घेतला आणि उपचार त्या दिशेने गेले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे निकामी झाले. पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची तडजोड झाली. दुभाषी तेव्हा कोणी मागितला नाही, कारण दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपल्याला समोरच्याचं कळलंय. अर्धवट येणारी भाषा जास्त धोक्याची असते ती यामुळे.

सिकलसेलचा प्रश्न

आपल्या वाचकांसाठी हा विषय आणखी एका कारणाने जवळचा आहे. विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी समाजांत सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या कितीतरी घरांत एखादा रुग्ण किंवा वाहक आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, यावरून त्याचं गांभीर्य कळावं.

आता कल्पना करा, असा एखादा विद्यार्थी कडाक्याच्या थंडीत युरोपात आहे. थंडी, पाणी कमी पिणं, दमणूक, संसर्ग ही सगळी सिकलसेलच्या वेदनांचा झटका आणणारी कारणं आहेत. हाडं, छाती, पाठ असह्य दुखू लागते. तिथल्या डॉक्टरच्या मनात हा आजार बहुधा आफ्रिकी वंशाच्या लोकांशी जोडलेला असतो. समोर भारतीय चेहरा पाहून त्याला तो लगेच सुचेलच असं नाही. आणि जिथे सुचतो तिथेही रुग्णावर विश्वास ठेवला जातोच असं नाही. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने सिकलसेल रुग्णांच्या उपचारांवर अहवाल काढला. वेदनेने तळमळणाऱ्या कृष्णवर्णीय रुग्णांकडे नशेची औषधं मागायला आलेले म्हणून पाहिलं जातं, त्यांचं ऐकलंच जात नाही, असं त्यातून समोर आलं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांची ही गत. मग शब्द शोधत बसणाऱ्याचं काय होणार?

म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने जाताना तपासणीचा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी अहवाल सोबत ठेवलाच पाहिजे आणि त्या देशातलं आजाराचं नाव पाठ केलं पाहिजे. जर्मनीत ते 'झिशेल-त्सेल-क्रांकहाइट' आहे. हा एक शब्द तुमचे तास वाचवू शकतो.

'आपला' डॉक्टर शोधावा का?

सगळ्यात पहिला सल्ला मिळतो तो असा : तिकडे एखादा मराठी डॉक्टर बघून ठेव. सल्ला वाईट नाही. जर्मनीत ११६११७ या सेवेच्या डॉक्टर-शोधात आणि राज्यांच्या डॉक्टर-संघटनांच्या याद्यांत भाषेनुसार डॉक्टर शोधता येतात. इंग्रजी सहज सापडेल, मोठ्या शहरात हिंदीही सापडू शकेल. मराठी मिळेलच याची खात्री नाही. आणि मिळाला तरी तो त्वचेचा डॉक्टर असेल आणि तुमचं दुखणं हृदयाचं असेल! शिवाय डॉक्टरला इंग्रजी येत असलं तरी फोन उचलून वेळ देणाऱ्या मदतनिसाला येतंच असं नाही. अनेकांची पहिली अडचण तिथेच सुरू होते.

दुसरी गोष्ट हिंदीची. भारतीय म्हणजे हिंदी, असं परदेशातली यंत्रणा गृहीत धरते. बीड किंवा बुलढाण्याहून नवऱ्यासोबत गेलेल्या बाईला सिनेमाची हिंदी कळते, पण पाळीचा, गर्भपाताचा, मारहाणीचा विषय ती त्या भाषेत बोलू शकत नाही. आपली भाषा मराठी आहे, हे अर्जाच्या पहिल्या ओळीत ठामपणे लिहायला हवं.

तिसरी गोष्ट सहसा बोलली जात नाही, म्हणून आम्ही ती इथे मुद्दाम मांडतो आहोत. मराठी बोलणारा डॉक्टर भेटला की दोन मिनिटांत प्रश्न येतो, "गाव कुठलं? पूर्ण नाव काय?" विचारणाऱ्याच्या मनात कदाचित काही नसेल, परक्या देशात गाववाला भेटल्याचा आनंदच असेल. पण आपल्यातल्या कित्येकांना हा प्रश्न शाळेपासून ओळखीचा आहे. तो ऐकला की माणूस आखडतो, आणि आखडलेला रुग्ण अर्धी माहिती लपवतो. जात समुद्र ओलांडून जाते, हे आता परदेशी संस्थांनीही मान्य केलं आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीभेदावर बंदी घातली ती उगाच नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तशाच स्वरूपाचं विधेयक मात्र राज्यपालांनी नाकारलं. ब्रिटन सरकारनेही २०१८ मध्ये जातीचा वेगळा कायदा करायचं टाळलं.

मनाच्या आजारात तर हे जास्तच टोचतं. सहकाऱ्याने भाड्याची खोली नाकारली, जेवणाच्या टेबलावर आरक्षणावरून टोमणे मारले, त्यातून झोप उडाली. हे जर्मन मानसोपचारकाला सांगायचं तर आधी जात म्हणजे काय याचा तास घ्यावा लागतो. मराठी मानसोपचारकाला सांगायचं तर त्याची बाजू कोणती, ही धास्ती. अशा दोन भिंतींमध्ये आपली मुलं एकटी पडतात.

म्हणजे भाषा एक असली म्हणून विश्वास आपोआप तयार होत नाही. सगळे मराठी डॉक्टर तसे असतात असं आमचं म्हणणं नाही. चांगले, निःपक्ष डॉक्टर भरपूर आहेत. पण आपला उपचार कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून का असावा? ओळखीने मिळालेली मदत हा उपकार असतो. तो आज मिळतो, उद्या मिळत नाही. हक्क रोज मिळतो.

हक्क कुठे, किती?

डॉक्टरची भाषा वेगळी असली तरी मध्ये प्रशिक्षित दुभाषी असेल तर उपचार नीट होतात, हा विचार काही देशांनी कायद्यात आणला आहे.

अमेरिकेत त्याचं मूळ १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आहे. कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून आलेल्या या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना राष्ट्रीय मूळावरून भेदभाव करायला मनाई केली. भाषेमुळे सेवा न मिळणं हाही असाच भेदभाव आहे, ही भूमिका पुढे न्यायालयातून आणि नियमांतून उभी राहिली. २०१० च्या आरोग्य कायद्याच्या कलम १५५७ ने ती रुग्णालयांना स्पष्टपणे लागू केली. २०२४ च्या नियमांनुसार तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलांकडून दुभाष्याचं काम करून घेता येत नाही, आणि महत्त्वाच्या मजकुराचं यंत्राने केलेलं भाषांतर जाणकार माणसाने तपासावं लागतं. मार्च २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवून २००० सालचा भाषासेवांचा आदेश रद्द झाला. तरी मूळ कायदे आदेशाने रद्द होत नाहीत. हक्क कागदावर आहे, पण मागणारा जागा हवा.

ऑस्ट्रेलियात १९७३ पासून टेलिफोनवरून दुभाषी देण्याची सरकारी सेवा आहे. आज १३१ ४५० या क्रमांकावर ती चोवीस तास चालते. मेडिकेअर कार्ड असलेल्या रुग्णासाठी खासगी डॉक्टरलाही ती मोफत वापरता येते. विद्यार्थ्यांकडे बहुधा मेडिकेअर नसतं, त्यांनी आपल्या विम्यात काय बसतं ते आधीच विचारून घ्यावं.

ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसासोबतच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. म्हणजे एनएचएसची सेवा आपण फुकट घेत नाही. इंग्लंडच्या एनएचएसच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जीपीकडे दुभाष्याचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत आणि नातेवाइकाऐवजी व्यावसायिक दुभाषी वापरावा. जीपीकडे नाव नोंदवतानाच 'मराठी दुभाषी हवा' अशी नोंद करून घ्यावी.

आणि जर्मनी, जिथे आपली अनेक नवी मुलं जात आहेत? तिथे हक्क अर्धाच आहे. २०१३ च्या रुग्णहक्क कायद्यानुसार शस्त्रक्रियेसारख्या उपचारापूर्वी डॉक्टरने रुग्णाला समजेल अशा रीतीने माहिती देणं बंधनकारक आहे. पण दुभाष्याचा खर्च कायदेशीर आरोग्य विमा देत नाही. सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळतो, परदेशी भाषेचा नाही. २०२१ साली सत्तेवर आलेल्या आघाडीने हा खर्च विम्यात आणण्याचं वचन करारात लिहिलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आघाडी कोसळली, वचन तसंच राहिलं. ज्या देशाला आपले परिचारक, चालक, तंत्रज्ञ हवे आहेत, त्या देशाला त्यांची भाषा मात्र नको आहे, हा विरोधाभास आपण बोलून दाखवला पाहिजे.

मित्र, भाऊ आणि मोबाइल

हक्क नसला की लोक पर्याय काढतात. खोलीतला मित्र येतो, वहिनी येते, नाहीतर मोबाइलचं ॲप. अमेरिकेतल्या एका बालरोग विभागात १३ भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या गेल्या आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष आले. भाषांतरात एकूण ३९६ चुका सापडल्या, त्यातल्या ६३ टक्के उपचारावर परिणाम करू शकणाऱ्या होत्या. रुग्णालयाच्या दुभाष्यांच्या चुकांत असं प्रमाण ५३ टक्के होतं, ऐनवेळी पकडून आणलेल्यांच्या चुकांत ७७ टक्के. म्हणजे नेमलेला दुभाषीही चुकतो, पण कमी घातक चुकतो.

मित्राची अडचण फक्त चुकीची नसते. त्याच्यासमोर लैंगिक आजार, दारू, आत्महत्येचे विचार कोण बोलणार? नवराच दुभाषी असेल तर नवऱ्याने मारलं हे बाई कसं सांगणार? प्रशिक्षित दुभाषी गोपनीयतेला बांधलेला असतो. फोनवरच्या दुभाष्याला तर तुमचं आडनाव सांगायचीही गरज नसते. आपल्यासाठी ही सोय लहान नाही.

आता करायचं काय?

निघणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या गोष्टी पहिल्या महिन्यातच कराव्यात :

- आपले आजार, ॲलर्जी, चालू औषधांची मूळ नावं, रक्तगट आणि घरातले आनुवंशिक आजार एका पानावर इंग्रजीत व त्या देशाच्या भाषेत लिहून ठेवा. औषधाचं कंपनीचं नाव तिकडे उपयोगी पडत नाही, घटकाचं नाव लागतं.
- निरोगी असतानाच जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवा. जर्मनीत त्याला 'हाउसआर्ट्स्ट' म्हणतात. तातडीसाठी ११२ आणि रात्री-अपरात्रीच्या कमी गंभीर त्रासासाठी ११६११७ हे क्रमांक लक्षात ठेवा.
- वेळ घेतानाच दुभाषी मागा, डॉक्टरसमोर बसल्यावर नको. दुभाषी अडचणीचा वाटला तर दुसरा मागा.
- न समजलेल्या संमतीपत्रावर सही करू नका. "मला समजलं नाही" हे वाक्य तिथल्या भाषेत पाठ करा.
- डॉक्टरने सांगितलेलं आपल्या शब्दांत परत सांगा आणि बरोबर आहे का विचारा.
- गावाकडच्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलून धीर मिळतो, पण त्यांची चिठ्ठी तिकडच्या औषध दुकानात चालत नाही. त्या भरवशावर दुखणं अंगावर काढू नका.

परदेशातल्या आपल्या संघटनांनी जयंतीच्या कार्यक्रमांइतकंच लक्ष इकडे द्यावं. कोणत्या शहरात कोणत्या डॉक्टरचा, समुपदेशकाचा अनुभव चांगला आला, याची यादी त्यांच्याकडे हवी. मराठी येणाऱ्या तरुणांनी दुभाष्याचं रीतसर प्रशिक्षण घ्यावं. ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याचे गुण मिळवायला कितीतरी मराठी मुलं भाषेची सीसीएल परीक्षा देतात. त्यातल्या काहींनी पुढे जाऊन प्रमाणित दुभाषी व्हावं.

आणि शासनाकडे मागणी करावी. परदेश शिष्यवृत्ती मिळालेल्यांना जाण्याआधी त्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेची एक दिवसाची तरी माहिती मिळाली पाहिजे. विदर्भातल्या मुलांची इच्छा असल्यास सिकलसेलची तपासणी आणि इंग्रजी अहवाल मोफत मिळाला पाहिजे. कामगार पाठवण्याच्या करारांत वैद्यकीय दुभाष्याचा खर्च मालकाने किंवा यजमान राज्याने उचलावा, असं कलम हवं. माणसं पाठवायची आणि त्यांचं दुखणं इथेच विसरायचं, हा व्यवहार नको.

एक शेवटची गोष्ट. परदेशात मराठीसाठी भांडताना आपल्याच राज्याकडे पाहावं लागेल. मेळघाटातली कोरकू आई, भामरागडचा माडिया म्हातारा, पारधी वस्तीतली बाळंतीण सरकारी दवाखान्यात येते तेव्हा मराठी हीच तिच्यासाठी परकी भाषा असते. तिच्यासाठी तिथे दुभाषी कोण असतो? बहुतेक वेळा तिचं शाळेत जाणारं पोर. हेमलकशाला १९७३ पासून काम करणाऱ्या आमटे दांपत्याने स्वतः माडिया शिकून घेतली, म्हणून तिथला रुग्ण बोलू लागला. पण प्रत्येक ठिकाणी असा डॉक्टर मिळत नाही आणि व्यवस्था अशा अपवादांवर चालत नाही. बर्लिनमध्ये मराठी दुभाषी मागणाऱ्या आपल्या तरुणाने धारणीच्या रुग्णालयात कोरकू दुभाषी मागितला, तरच ती मागणी हक्काची होईल. नाहीतर ती फक्त स्वतःपुरती सोय ठरेल.